रहमतभाई, जैबुनबी आणि गाडीतला रेडिओ

या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या सार्वजनिक वाचनालयाचा कारभार इतकी वर्षं सांभाळणाऱ्या आदरणीय विमलताई, व्यासपीठावरचे व्यापारी संघाचे धर्मपालजी, आजचे सत्कारमूर्ती रहमतभाई, त्यांच्या शेजारी कधी एकदा हे संपतं अशा चेहऱ्यानं बसलेल्या जैबुनबी, आणि पांढरकवड्याच्या माझ्या बंधू-भगिनींनो,

धर्मपालजींनी बजावलं आहे की, डॉक्टर, थोडक्यात बोला. मी जनावरांचा डॉक्टर. माझे पेशंट मला कधी थोडक्यात आटपा म्हणाले नाहीत, त्यामुळे सवय नाही. तरी प्रयत्न करतो.

रहमतभाईंचं रेडिओ आणि मोटार वायरिंगचं दुकान तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. ते आता बंद होतंय. दोघं नागपूरला लेकीकडे, जेबाकडे, राहायला चाललेत. इतर वक्ते त्यांच्या कामाविषयी बोललेच. मी फक्त एका रेडिओची हकीकत सांगणार आहे.

माझी ती दोन माणसांची लाल गाडी तुम्ही पाहिली आहे. एमजी, सत्तावन्न सालची, विलायती. इथल्या जिनिंगचे पारशी मॅनेजर मुंबईला गेले तेव्हा शेडमध्ये पडलेली ती गाडी मी घेतली. तेव्हा माझी बदली दारव्ह्याला होती. बंजारा तांड्यावरचा पोरगा प्रेमसिंग, म्हणजे मी, अशा गाडीतून फिरतो, याचं लोकांना हसू येई. बसंतीबाईंना, म्हणजे माझ्या पत्नीला, मात्र कधी आलं नाही. त्या डोक्यावरची ओढणी घट्ट बांधून शेजारी बसत आणि सासर-माहेरच्या दोन्ही तांड्यांना राणीसारख्या जात.

या गाडीच्या डॅशबोर्डवर मधोमध एक जाळी आहे. स्पीकरची. खाली रेडिओसाठी जागा, आणि त्यावर पत्र्याची झाकणी. पण आत काहीच नव्हतं. मॅनेजरसाहेबांनी रेडिओ बसवलाच नव्हता. मी एकदा म्हणालो, "बसवून घेऊ का?" तर बसंतीबाई म्हणाल्या, "कायले? या जाळीतून जे ऐकू येईल ते मीच म्हणून दाखवते." आणि त्यांनी लेंगी, म्हणजे आमच्या तांड्यावरचं होळीचं गाणं, धरली. त्यानंतर कुठल्याही रस्त्याला लागलो की लेंगी सुरू. समोरून ट्रक आला तरी कडवं पुरं केल्याशिवाय थांबायचं नाही.

त्या गेल्या दोन हजार चार साली. नंतरची वर्षं आपल्या जिल्ह्यानं कशी काढली ते इथे बसलेल्यांना मी काय सांगू? जिनिंगचे भोंगे बंद. शेतात कपाशीची पऱ्हाटी उभी असून गावं गप्प. मी निवृत्त झालो होतो, पण आठवडी बाजारात गेलो की दावणीला विक्रीसाठी बांधलेले बैल ओळखू येत. ज्यांना मी वासरं असताना टोचलं होतं, ते. दिल्ली-मुंबईचे पत्रकार येत, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांबद्दल प्रश्न विचारत, जात. संध्याकाळी मी गाडी काढी आणि उगाच केळापूरपर्यंत जाऊन येई. गाडी चाले, पण गाडीत कुणी बोलत नसे. तेव्हा मनात आलं, आता त्या जाळीतून काही तरी ऐकू आलं पाहिजे.

नागपूरला एका दुकानात गेलो. तिथला मुलगा उत्साही होता. "सर, डॅशबोर्ड थोडा कापू, सीडी बसवू, एफएम, निळा लाइट." मी म्हटलं, आमच्याकडे एफएम लागत नाही. तो म्हणाला, "पण लाइट तर लागेल ना!" मी गाडी वळवली. ज्या पत्र्यावर बसंतीबाई रोज ओढणीच्या टोकानं धूळ पुसत, तिथे मी करवत लावू देणार होतो का?

मग रहमतभाईंकडे आलो. ते गाडीखाली गेले, बाहेर आले, हात पुसत म्हणाले, "डॉक्टरसाब, हिची बॅटरी उलटी जोडली हाय. प्लस बॉडीले. आजचा कोणताबी सेट लावला तं धूर निघन. हिले हिच्याच जमान्याचा रेडिओ पाह्यजे. व्हॉल्वचा."

"मिळेल?"

त्यांनी पुन्हा हात पुसायला घेतले. शेवटी म्हणाले, "हाय एक. पण तो माह्या हातात नाही."

तो त्यांच्याच घरात होता. जैबुनबींच्या कपाटात, चादरीत गुंडाळलेला.

जैबुनबींचे वडील अब्रारचाचा वणीकडे एका खाणमालक साहेबाचे ड्रायव्हर होते. खाणी सरकारी झाल्या, साहेब गेला, गाडी भंगारात निघाली. जाताना साहेबानं गाडीतला रेडिओ काढून चाचांना दिला. चाचा तो ट्रकच्या बॅटरीवर लावत आणि ओट्यावर सारं गाव गोळा होई. पुढे चाचा वारले. आणखी पुढे कोळशासाठी ते गावच खणलं गेलं. माणसं दुसरीकडे वसवली, पण ओटा, विहीर, चिंच, सगळं खाणीत गेलं. जैबुनबींच्या माहेराचं जे उरलं होतं ते हा रेडिओ. त्यावरची सुई नागपूर केंद्रावर होती, चाचांच्या हातानं लावलेली. म्हणून त्या तो कुणाला हातही लावू देत नसत. घरात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस असताना!

मी हे ऐकलं आणि म्हणालो, राहू द्या. खरंच सांगतो, मी परत निघालो होतो. तर दुकानामागच्या घरातून जैबुनबी दारात आल्या.

"भाऊ, बसंतीभाभी गाडीत गात होत्या ना?"

"हो."

"त्यायच्या जागेवर आता कोण बसते?"

"कोणी नाही. मी बसू देत नाही."

त्या म्हणाल्या, "तुमी मले माह्या अब्बाचा रेडिओ मागून राह्यले. मी तुमाले ती सीट मागतो. एक डाव मले तिच्यावर बसवून माह्या गावाले न्या. रेडिओ चालू ठेवून."

रहमतभाई म्हणाले, "अवं, गाव कुठं हाय आता?"

"जिथं होतं तिथं न्या."

मंडळी, मला लगेच हो म्हणता आलं नाही. दोन दिवस मी त्या गल्लीतून गेलो नाही. माझ्याच अंगणात, त्या सीटकडे पाहत बसलो. कुणाला हसू येईल, चामड्याची एक जुनी सीट! पण घरातलं दुसरं सगळं सामान मी वाटून टाकलं होतं. तिसऱ्या दिवशी जाऊन म्हटलं, "चला."

रेडिओ बसवायला रहमतभाईंना आठवडा लागला. सेट बरोबर त्या जागेत बसला, जणू तिथूनच निघाला होता. पण इंजिन सुरू केलं की आवाजापेक्षा खरखर जास्त. रहमतभाई कॉइलवर कंडेन्सर लावत, अर्थिंगच्या पट्ट्या घासत, पुन्हा ऐकत. सुईला मात्र त्यांनी बोट लावलं नाही. एक दिवस दुपारी बटण फिरवलं. आधी नुसती गुणगुण. व्हॉल्व तापायला वेळ लागतो. मग पिवळी काच उजळली आणि जाळीतून एक बाई बोलू लागली. आकाशवाणीच्या निवेदिका होत्या, पण क्षणभर मला दुसरंच वाटलं होतं.

दिवाळीनंतर आम्ही निघालो. गाडी दोघांची, म्हणून मी सुचवलं की रहमतभाईंनी चालवावी. जैबुनबी म्हणाल्या, "नको. यायले दर मैलावर बॉनेट उघडून पाहाची सवय हाय. भाऊ, तुमीच चला." तेव्हा रहमतभाई मागे स्कूटरवर, पाण्याची बाटली आणि हत्यारांची पिशवी घेऊन. रस्त्यावरचे लोक थांबून पाहत होते, आणि ते सगळ्यांना गंभीरपणे सलाम करत होते.

मारेगाव मागे पडलं. पुढे एका वळणावर म्हणाल्या, "इथून अब्बा हॉर्न वाजवत." मी वाजवला.

रस्ता जिथे संपला तिथे मातीचे डोंगर होते आणि त्यांच्या पलीकडे खोल काळा खड्डा. तळाशी डंपर खेळण्यांएवढे दिसत होते. त्यांनी मला इंजिन बंद करायला सांगितलं. रेडिओ चालूच होता. आणि काय लागलं असेल? लिंबाच्या लोणच्याची कृती! त्यांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली, मीठ किती आणि ऊन किती दिवस, सगळं. रहमतभाई स्कूटर लावून मागे उभे राहिले. जवळ आले नाहीत.

लोणचं संपलं. जैबुनबींनी खड्ड्याकडे हात केला. "तिथं चिंच होती. तिथं ओटा. तिथं वरती, भाऊ, जिथं आता नुसती हवा हाय." मग त्यांनी हात पुढे केला आणि बटण फिरवलं. सुई हलली.

"भाभी!" मी म्हणालो. "चाचांनी लावलेली..."

"माहीत हाय," त्या म्हणाल्या. "अब्बा इथं नाहीत, भाऊ. मी पाह्यलं. मी बारा वर्सं घरात बसून म्हणत होती, गाव तसंच असन."

खरखर, शिट्ट्या, आणि मग कुठून तरी तेलुगू गाणं लागलं. आम्हा दोघांनाही त्यातला एक शब्द कळत नव्हता. त्यांनी ते तिथेच ठेवलं. त्या रडत होत्या आणि पायानं ठेका धरत होत्या. परत येताना वाटेत कुठे तरी माझ्या लक्षात आलं की मीही गुणगुणतोय. लेंगी. आवाज माझा, चाल बसंतीबाईंची, आणि ताल कुठल्या तरी तेलुगू ढोलकीचा. माझ्या शेजारी एक माणूस बसलं होतं, आणि मला ते चाललं.

त्यानंतर त्या सीटवर बरेच जण बसले. विमलताई, तुम्हीसुद्धा बसलात आणि टोपी उडाली म्हणून मला ओरडलात.

गेल्या आठवड्यात दुकान आवरताना मी रहमतभाईंना विचारलं, "आता तो बिघडला तर कोण पाहील?" मला वाटलं, कुणाचं तरी नाव सांगतील. ते म्हणाले, "बंद पडला तं पडू द्या, डॉक्टरसाब. चालू होता तवा आपण सारे होतो ना."

रहमतभाई, तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण मला ते पटत नाही. तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं, आणि लेकीकडे जाणाऱ्या माणसाला असं म्हणायचं नसतं हेही कळतं. इतक्या लोकांसमोर म्हणतोय, म्हणजे तुम्हाला रागावता येणार नाही.

हा समारंभ घडवून आणणाऱ्या वाचनालयाचे, व्यापारी संघाचे आणि तुम्हा सर्वांचे मी आभार मानतो. माझ्या मराठीत वऱ्हाडी शिरली असेल, तांड्याची गोरबोली डोकावली असेल, धर्मपालजींनी दिलेली वेळ तर केव्हाच उलटली. त्याबद्दल मोठ्या मनानं सांभाळून घ्यावं. आणि जैबुनबी, खाली उतरलो की मला जेबाच्या घराचा पत्ता नीट समजावून सांगा. तुम्ही बोलवण्याची वाट पाहण्याएवढा धीर माझ्यात नाही.

धन्यवाद.