पायांची कोरी जागा

—छिन्नी खाली ठेव, शिवदास, एवढंच म्हणतोय मी. एसी बसवायला आलास, बसव ना. या आखातातल्या रिफाच्या कॅम्पात चाळीस माणसं घामानं निथळत जेवतात, त्यांना गार वारा मिळू नये असं मला वाटेल का? पण मेसला बाहेरची भिंत ही एकच, आणि तिच्यावर मी रंगवलेलं ‘शेवटचं भोजन’, ख्रिस्त आणि त्याचे बारा शिष्य — तेव्हा आधी ऐक, मग ठोक. काय? फोरमननं भोकासाठी खडूनं खूण केलीय? केली होती, ख्रिस्ताच्या छातीवर. सकाळीच पुसली मी.

आता हे मूळचं माझं नाही हं. पाचशे वर्षांपूर्वी इटलीतल्या मिलान शहरात लिओनार्दो नावाच्या माणसानं काढलं — आणि कुठे काढलं? मठाच्या जेवणघरात. म्हणजे मेसच की, संन्याशांची मेस! तीन-चार वर्षं लावली त्यानं. कधी आला, तर एक रेघ ओढून चालता व्हायचा. मठाचा प्रमुख तक्रार घेऊन गेला, तर लिओनार्दो म्हणाला म्हणे — यहूदासाठी चेहरा सापडत नाही, फारच घाई असेल तर तुमचाच लावतो. यहूदा म्हणजे गुरूला पकडून देणारा, तो. हसलास? मीही हसलो होतो, आणि मग इथं तेच झालं. पेत्र व्हायला अँथनी कुक दाढी वाढवून बसला, थोमा झाला तुमच्या चिपळूणचा बाळाजी ड्रायव्हर — त्याला चाललं, मलाही चाललं — पण यहूदा व्हायला कोणी तयार होईना. शेवटी लावला माझाच. नाक बघ, नाक. मॅथ्यू पेंटर, हुबेहूब.

नमुना माझ्याकडे एकच, ब्याऐंशी सालचं कॅलेंडर. बायकोनं, कार्मेलनं, वसईहून पाठवलेलं. चित्र झकास, पण मधोमध तारखांचा गठ्ठा टाचलेला, नेमका ख्रिस्ताच्या पायांवर. गठ्ठा उपसला तर खाली कोरा कागद. मग न पाहिलेले पाय काढायचे कसे? मी साइनबोर्डवाला — दिसेल ते उतरवणारा. ठेवली जागा कोरी, टेबलाखाली, ती बघ. दोन वर्षं माझी झोप त्या पायांनी खाल्ली. आणि परवा सलमानिया हॉस्पिटलची बेनिटा नर्स एक जाडजूड पुस्तक घेऊन आली, चित्रासमोर उभी राहिली आणि म्हणते, मॅथ्यूदादा, काय अचूक नक्कल, दारसुद्धा सोडलंत! कसलं दार? तर संन्याशांना स्वयंपाकघराकडे दार मोठं हवं होतं, त्यांनी पाडली भिंत, बरोब्बर तिथंच. पाय गेले! मूळ चित्रालाच पाय नाहीत, शिवदास, आणि मी इथं वेड्यासारखा — इतका हसलो, इतका हसलो, की ती माझी नाडी बघायला लागली.

म्हणून म्हणतो, टेप लाव. कोरी जागा मोज. सत्तावीस रुंद, अठरा उंच — बसतो? बसतो ना! तेराच्या तेरा माणसं शाबूत, आणि टेबलाखालून गार वारा. लिओनार्दोच्या नशिबी दार आलं, माझ्या नशिबी एसी. म्हणजे चित्र पुरं झालं. खलास. आता एक रेघ बाकी नाही —

काय म्हणालास? ‘मग आता घरी जाणार असशील?’

हो... म्हणजे — कार्मेलला मी लिहितो ना, कंपनी लीव्ह देत नाही म्हणून. कंपनी देईल कशी? मी मागितलीच नाही. दोन वर्षांपूर्वी लीव्हची माझी पाळी आली, आणि त्याच आठवड्यात ही भिंत हातात घेतली. पाय झाले की जातो, पाय झाले की जातो. बेनिटाला पायांबद्दल तेव्हाच विचारता आलं असतं, नाही असं नाही. मार्सेलिना चार वर्षांची झाली माझी. मी इकडे आलो तेव्हा कार्मेलच्या पोटात होती. मी दारात उभा राहीन, आणि ती आईच्या मागं लपून विचारेल, हा कोण — मग काय सांगायचं तिला? यहूदाला कोणी चेहरा देईना म्हणून माझा लावला, असं सगळ्यांना सांगतो खरा मी...

असा बघू नकोस. उचल छिन्नी. तिथं, टेबलाखाली, जिथं सांगितलं तिथं. गुरुवार आहे, उद्या शुक्रवारची सुट्टी, ऑफिस बाराला बंद होतं, आणि लीव्हचा फॉर्म भरायचा तर — नाही, काही बोलू नकोस. ठोक तू. यल्ला, चल, आटप.