पुलाखाली कोण उभं राहणार

मंत्र्यांच्या दालनाबाहेर औषध दुकानवाल्या बाई परवान्यासाठी बसल्या होत्या. साहेबांना द्यायचं पाकीट पर्समध्ये होतं. शेजारच्या बाकावर पूल बांधणारे बापलेक कुजबुजत होते, ते बाईंना ऐकू येत होतं.

“बाबा, वाटा दिल्याशिवाय काम मिळायचं नाही.”

“आणि तो वाटा काढायचा कुठून?”

“सळई थोडी कमी घालू. कोण बघायला येतंय?”

“बरं. चाचणीला भरलेले ट्रक पुलावर चढले, की आपल्या घरातलं एक माणूस खाली उभं राहतं. आहे ना लक्षात?”

“ती जुनी पद्धत झाली. आता कुणी करत नाही.”

“आपण करतो. माझे वडील उभे राहिले, मी राहिलो.”

“म्हणजे आता मी?”

“छे रे! तुझी पोरं लहान आहेत. मीच राहीन. तू घाल सळई कमी, बिनधास्त.”

“काहीतरीच काय बोलता, बाबा!”

“अरे, माझं वय झालंय. मी गेलो तर काय बिघडतंय?”

तेवढ्यात शिपायानं हाक मारली, “पूलवाले, आत चला!”

मुलगा जागचा हलला नाही. बाईंकडे वळून म्हणाला, “ताई, तुम्ही जा आधी.”

“नको,” पर्स पोटाशी धरत बाई म्हणाल्या, “मलाही तशी काही घाई नाही.”