चोराची खूण

जळगाव जामोदच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर आजी, नात आणि बहिरी आत्या बसल्या होत्या; नातीच्या हातात चित्रांचं गोष्टीचं पुस्तक होतं.

"आजी, या गोष्टीतली पोरगी बहिरी हाये, पण चोर तिनंच धरला."

"बोलल्याबिगर सांगितलं कसं वं तिनं?"

"हाताच्या खुणांनी. तिच्या मैत्रिणींनी समद्या खुणा शिकून घेतल्या होत्या."

"पाह्य, तुही आत्या त्या तोंड बांधलेल्या माणसाच्या चित्रावर बोट ठेवून राह्यली."

"हा कोण, असं इचारते ते. आजी, चोराले कोणती खूण करतेत?"

"मले काय मालूम? आपल्या घरी तिच्यासाठी तीनच खुणा हायेत. ये, जेव, भांडे घास."

"चाळीस वर्षांत तीनच?"

"बस लागली, चाल. तिले 'ये'ची खूण कर."