पोवळ्यासाठी पाणी

भंडाऱ्याच्या स्टँडवर मोहाडीच्या गाडीची वाट पाहता पाहता सुलोचनाबाईचे कान शेजारच्या बाकाकडे लागले. मांडीवर खोकं धरून बसलेल्या म्हातारीले एका तरण्या बाईनं विचारलं,

"खोक्यात काय हाये वो, माय?"

"हवेची मोटर. पोराच्या काचेच्या पेटीची."

"मासे पाळता?"

"मासे नाई. समुद्राचं पाणी हाये. जहाजावर नोकरी लागली, तवा त्यानंच आणून भरलं."

"आटत नाई?"

"आटते ना. पाणी उडते, मीठ राहते म्हणे. म्हणून वरून गोडं पाणी टाकावं लागते."

"मंग मासे काहून नाई टाकले?"

"आधी पाणी मुरू दे म्हणाला. मासे अन् पोवळं मीच घेऊन येतो म्हणे."

"अजून मुरलं नाई?"

"कवाचंच मुरलं, बाई. ही तिसरी मोटर हाये."