एकाच घागरीचं पाणी

निलंग्याच्या बसस्थानकावर उदगीरच्या गाडीची वाट बघणाऱ्या व्यंकटीच्या कानावर शेजारच्या मायलेकींचं बोलणं पडत होतं.

“अव्वा, उद्या फेलोशिपच्या मुलाखतीत माझं पाण्याचं संशोधन साध्या माणसाला कळंल असं सांगायचंय. ऐक. आपल्या खडकात सगळ्यांची एकच घागर हाय समज. शेजाऱ्यानं खोल बोअर मारला की आपला आटतो.”

“पण पाणाड्यानं हातावर नारळ धरून जागा दाखवली होती की!”

“नारळ उभा राहिला तरी घागर तीच गं.”

“न्हाई समजलं. पुन्हा सांग.”

तिनं पुन्हा सांगितलं.

“न्हाई बाई. अजून एकदा.”

तिसऱ्यांदा सांगून होईतो नांदेडची गाडी लागली.

“हाव, आता समजलं! लई सोपं सांगितलंस. जा, शिवलीला.”

गाडी गेली. व्यंकटीला राहवलं नाही.

“मावशी, ह्या दुष्काळात आम्ही पण बोअर मारायलोत. ते घागरीचं काय?”

“सगळ्यांचे बोअर एकाच पाण्यात उतरलेत, बाबा. एकानं ओढलं की दुसऱ्याचा कोरडा. वाटून घेतलं तरच पुरंल.”

“मग मघाशी न्हाई समजलं का म्हणत होता?”

“पहिल्यालाच समजलं होतं. उद्या तिला घेतातच बघ. मग दोन वर्षं बंगळूरला. एवढं जवळ बसून कोण सांगंल मला?”