शंभर मिलिग्रॅम

हॅलो? हां, श्वेता, बोल… सुयोगला परत उलटी? सकाळपासून किती झाल्या?… चार? अगं, मग आत्ता सांगतेस मला?

कुठे आहात?… भांडुपलाच, नाक्यावरच्या नर्सिंग होममध्ये. बरं. सलाइन लावलंय ना?… आणि इंजेक्शन?… उलटीचं नाही गं, स्टेरॉइडचं.

अगं ऐक ना. सुयोगची सकाळची गोळी पोटात राहिली का?… नाही. कालची रात्रीचीही नाही? श्वेता, लग्नाआधीच सांगितलं होतं ना तुला, त्या गोळीतलं हार्मोन त्याच्या अंगात जन्मापासून तयारच होत नाही. आजारपणात तर जास्त लागतं, नाहीतर बीपी खाली जातं… किती आहे?… सत्तर.

बोलतोय का?… हाक मारून बघ… हो, हो, रडू नकोस. डॉक्टर काय म्हणतात?… फूड पॉयझनिंग. सलाइन संपलं की उठेल.

नाही उठणार. फोन दे त्यांना.

डॉक्टर, नमस्कार. मी अनुपमा, पेशंटची मोठी बहीण, विक्रोळीहून बोलतेय. त्याला सीएएच आहे… हो, ॲड्रिनल ग्रंथीचा जन्मजात आजार… तुम्ही पाहिला नसेल, मान्य. लहान मुलांच्या डॉक्टरांना माहीत असतो. अठरानंतर कोणाकडे जायचं, तेच आम्हाला वर्षभर कळेना… हायड्रोकॉर्टिझोन, शंभर मिलिग्रॅम, आत्ताच… असेल तुमच्याकडे, दम्याच्या पेशंटला देता ना, तेच… सरांना विचारून? सर कधी येतात?… डॉक्टर, तेवढा वेळ नाहीये. थांबा, पत्राचा फोटो पाठवते… गेला. श्वेताच्या फोनवर बघा. त्याच्या हार्मोनच्या डॉक्टरांनी गाइडलाइनप्रमाणे लिहून दिलंय. तिसरी ओळ. रिपोर्टसाठी थांबू नये… हो, सही-शिक्का आहे, नंबर आहे… इन्फेक्शन वाढेल? एका डोसनं नाही वाढत. न दिल्यानं मात्र… माझा मोठा भाऊ तेवीस दिवसांचा असताना असाच गेला, डॉक्टर. तेव्हा रोगाचं नाव कोणालाच माहीत नव्हतं. आज तुमच्या हातात लिहिलेलं आहे… हॅलो?… डॉक्टर?

श्वेता? काय करतायत?… इंजेक्शन भरतायत? बाटलीवरचं नाव वाच… हायड्रो… हां. तेच. शिरेतून देतायत ना?… आहे मी. नाही ठेवत.

…

हो, आहे गं. किती वेळ झाला?… वीस मिनिटं. बीपी?… पंच्याण्णव? परत बघायला सांग त्यांना… पंच्याण्णवच. बरं.

डोळे उघडले?… काय म्हणाला?… लोणचं मागतोय? अंगातलं मीठ जातं ना त्याच्या, म्हणून. नको, लगेच काही देऊ नकोस, आधी विचार… काय? डॉक्टरांना बोलायचंय? दे…

हो, डॉक्टर… मोठ्या हॉस्पिटलला हलवू, हो, तुम्ही ॲम्ब्युलन्सचं बघा… पत्राची कॉपी? तुम्हाला?… कॅज्युअल्टीत लावून ठेवणार. ठेवा. नक्की ठेवा… नाही, रडत नाहीये.

श्वेता, निघाले मी. कुलूप लावतेय… हो, आता घाबरायचं नाही. तूही नको. त्याच्याजवळ बस, बोलत राहा त्याच्याशी… ठेवते.