शांतता ऐकायला आलेला पाहुणा

पावाची गाडी अजून चौकात यायची होती. रांगेत माझ्यापुढे फक्त ओबदुलिया आणि तिची शेजारीण एर्मिनिया.

"ओबदुलिया, काल तुझ्याकडे कोण गं उतरलंय?"

"माद्रिदचा पोरगा. म्हणे, इथली शांतता ऐकायचीय."

"ऐकली का मग?"

"कुठली! लसणाचं सूप वाढलं आणि मी जी सुरू झाले! बाबांच्या मेंढ्यांपासून सगळं सांगितलं. हे गेल्यापासून ऐकणारं होतं कोण घरात?"

"अगं बाई! पळाला असेल बिचारा."

"मलाही तेच वाटलं. सकाळी घाबरतच खोलीत डोकावले."

"मग?"

"उठून बसला होता. म्हणाला, 'आजी, त्या मेंढ्यांचं पुढे काय झालं?'"

"म्हणजे आज जास्त पाव लागणार तुला."

"चांगले चार घेते. अजून माझं लग्नसुद्धा झालेलं नाही गोष्टीत."